दमट ग्रीनहाऊस, बुटकी जात आणि न सांगितलेली रात्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या शेती पुरवणीत दमट हवेतल्या ग्रीनहाऊससाठी बुटक्या, सॅटिव्हा वळणाच्या (उंच, अरुंद पानाच्या प्रकाराकडे झुकणाऱ्या) कॅनाबिसच्या, म्हणजे गांजाच्या, जातीबद्दल लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहितोय. लेख चांगला होता, फोटोही छान होते, पण वाचून माणसाचा असा समज होतो की जात बरोबर निवडली की दमटपणाचा प्रश्न मिटला. तसं होत नाही हो. मी ग्रीनहाऊसमध्येच काम करतो, भाजीपाला, फुलं, आणि परवान्याखाली घेतलेलं औषधी पीकही जवळून बघितलंय, त्यामुळे चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. आधीच सांगतो, या पिकाचा कायदा ज्या त्या ठिकाणी वेगळा आहे आणि परवाना नसेल तर विषय तिथेच संपतो, पत्रात पुढे जे आहे ते परवानाधारकांसाठी, आणि खरं म्हणजे त्याहून जास्त टोमॅटो, काकडी, गुलाब, जरबेरा घेणाऱ्यांसाठी, कारण दव सगळ्यांच्या पानावर सारखंच पडतं.

पहिला मुद्दा जातीचा. सॅटिव्हा प्रकार दमट हवेत टिकतो असं का म्हणतात, तर त्याची पानं अरुंद, पेरं लांब, फुलोरा सैल, मधून वारा आरपार जातो. हे खरंय. पण हेच झाड उंच होतं, छताला लागतं, म्हणून ब्रीडर लोकांनी ते रुंद पानाच्या ठेंगण्या (इंडिका) जातीशी क्रॉस केलं आणि बुटकं केलं. आता बुटकं झालं म्हणजे काय झालं, पेरांतलं अंतर कमी झालं, पानावर पान आलं, फुलोरा घट्ट झाला. म्हणजे ज्या गुणासाठी सॅटिव्हा निवडलं तोच गुण बुटकं करताना बराचसा गेला, आणि पाकिटावर नाव मात्र सॅटिव्हाचंच राहिलं. लेखात हा भागच नव्हता. उंची कमी, कमी जागेत जास्त झाडं, हे फायदे लिहिलेत, ते बरोबरच आहेत, पण दमट घरात बुटकं आणि दाट झाड ही सोय नसून जास्तीची जबाबदारी असते असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पाकिटावरच्या नावाचं म्हणाल तर 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बऱ्याच नमुन्यांची जनुकीय तपासणी केली होती, त्यात सॅटिव्हा-इंडिका ही लेबलं आणि प्रत्यक्ष वंशावळ यांचा मेळ अगदीच ढिला निघाला. शंभर टक्के सॅटिव्हा म्हणून विकली जाणारी एक जमैकन जात तर शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या एका अफगाणी जातीशी जवळजवळ तंतोतंत जुळली. मग सत्तर टक्के सॅटिव्हा, साठ टक्के सॅटिव्हा या आकड्यांवर किती विसंबायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी तरी झाडाकडे बघतो, पेरं किती लांब आहेत, फुलोरा बोटानं दाबला तर सैल लागतो की दगडासारखा, खालच्या फांद्यांपर्यंत उजेड जातो का. टक्केवारी वाचून व्हेंट (हवा खेळायच्या खिडक्या) उघडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जी लेखात एका ओळीत उरकली, 'आर्द्रता 60 ते 70 टक्के ठेवावी'. कुठली आर्द्रता, कधीची, कुठे मोजलेली? माझा सगळा राग या एका ओळीवर आहे. आता बघा, दुपारी घरात 28 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता आहे, मीटर बघून माणूस खूश. या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 17.7 ग्रॅम पाण्याची वाफ असते. संध्याकाळी थंडी वाजेल म्हणून पडदे खाली, व्हेंट बंद, तीच हवा आत कोंडली. रात्री ती 20 अंशावर आली की 20 अंशाच्या हवेत मावतं फक्त 17.3 ग्रॅम. म्हणजे कुणीही थेंबभर पाणी न घालता तीच 65 टक्केवाली हवा 100 टक्क्यांवर गेली आणि वरचं पाणी पानावर, फुलावर, प्लास्टिकवर जमायला लागलं. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो ना, तेच. आणि प्रत्यक्षात याहून वाईट होतं, कारण झाडं रात्रीही थोडं पाणी सोडत असतात, माती किंवा कोकोपीट ओलं असतं, आणि मोकळ्या आकाशाखाली छताचं प्लास्टिक आणि वरची पानं हवेपेक्षाही गार होतात, म्हणजे मीटर 92 टक्के दाखवत असताना पानावर दव पडलेलं असतं. मीटर बहुतेक ठिकाणी मधल्या वाटेवर, डोक्याच्या उंचीला टांगलेला. बुरशी मात्र झाडाच्या पोटात. त्या दोन जागांची हवा एक नसते.

म्हणून नुसती टक्केवारी सांगून उपयोग नाही, तापमानासकट सांगायला हवी. 30 अंशाला 85 टक्के म्हणजे हवा अजून 0.64 किलोपास्कल एवढी ओढ दाखवते, पान पाणी सोडू शकतं, 18 अंशाला तेच 85 टक्के म्हणजे फक्त 0.31, झाड जवळजवळ घुसमटलेलं. यालाच व्हीपीडी (व्हेपर प्रेशर डेफिसिट, म्हणजे हवेची पाणी ओढायची उरलेली ताकद) म्हणतात, आजकाल बऱ्याच कंट्रोलरमध्ये येतो. झाडाला पाणी सोडता आलं नाही की नुसती बुरशीच येते असं नाही, कॅल्शियमही वर चढत नाही, कारण ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच जातं, मग कोवळ्या पानांची टोकं जळतात, टोमॅटोचं बूड काळं पडतं आणि लोक टाकीत आणखी कॅल्शियम ओततात. खताच्या टाकीत काही कमी नसतं, हवाच हलत नसते.

बुरशीचं थोडं सविस्तर लिहितो कारण इथे गल्लत फार होते. भुरी (पानावर पांढरी भुकटी दिसते ती) आणि राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, या दोघींच्या सवयी वेगळ्या. भुरीला हवा दमट चालते पण पानावर पाणी नको असतं, उलट पान भिजलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. त्यामुळे पान कोरडं दिसतंय म्हणून निर्धास्त राहणारा माणूस भुरीत सापडतो. बोट्रायटिसचं उलटं, तिला पाण्याचा पातळ थर किंवा 93 टक्क्यांच्या वरची हवा काही तास सलग मिळाली की झालं, आणि तिला आवडतं तापमान 18 ते 23 अंश, म्हणजे नेमकी आपली रात्र आणि पहाट. ती सहसा धडधाकट हिरव्या पानावर सुरुवात करत नाही, सुकलेली पाकळी, मोडलेली काडी, अळीनं पोखरलेली जागा, छाटणीची ओली जखम, तिथून आत शिरते. (हीच बुरशी काही द्राक्षमळ्यांत मुद्दाम येऊ देतात आणि तिच्यापासून टोकाय, सोटर्नसारख्या गोड वाइन बनतात, पण तिथे ओल्या सकाळनंतर कोरडी दुपार येते, आपल्या बंद घरात ती दुपार येतच नाही.)

घट्ट फुलोऱ्यात ती कशी दिसते ते सांगतो, कारण पांढरट राखाडी केस दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. सगळा फुलोरा हिरवागार, टवटवीत, आणि मधूनच एकच छोटं पान पिवळट, वाळल्यासारखं डोकावतं. आजूबाजूची पानं ठीक. ते पान चिमटीत धरून हलकं ओढलं की अजिबात विरोध न करता अलगद हातात येतं, बुडाशी तपकिरी, जरा लिबलिबीत. मग फुलोरा दोन बोटांनी उलगडला की आत खोडापाशी तपकिरी डाग आणि धुरकट बुरा. बाहेरून काहीच नाही. हे बघायला रोज सकाळी झाडापाशी वाकावं लागतं, कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि सापडलं तर तिथेच झटकू नका, खाली चांगल्या भागापर्यंत कापायचं, कापायच्या आधी वर पिशवी चढवायची आणि पिशवीसकट घराबाहेर न्यायचं. सकाळी हवा कोरडी व्हायला लागली की हे बीजाणू सुटून उडतात, तेव्हा नेमकं पंख्यासमोर कापाकापी करणारे महाभाग मी पाहिलेत.

यावर औषध मारा ना, असं कोणीतरी म्हणणारच. टोमॅटो, गुलाबात शिफारशीप्रमाणे, काढणीआधीचे दिवस पाळून मारता येतं. पण औषधी फुलोरा धुतला जात नाही, सोलला जात नाही, काही रुग्ण तो तापवून श्वासावाटे घेतात. मायक्लोब्युटानिल हे बऱ्याच पिकांत चालणारं बुरशीनाशक आहे, ते तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघू शकतो. कॅनडात 2016-17 च्या सुमारास परवानाधारकांच्या मालात हेच सापडलं आणि माल परत मागवावा लागला होता. शिवाय बुरशी मेली तरी माल स्वच्छ होतो असं नाही, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशा रुग्णांना अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू फुप्फुसात गेले तर जीवावर बेतू शकतं. त्यामुळे या पिकात तरी बुरशी येऊच न देणं एवढा एकच धड मार्ग उरतो, आणि तो हवेतूनच जातो.

मग करायचं काय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट म्हणजे पाणी सकाळी द्या. झाड जेवढं पाणी पितं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त ते हवेतच सोडतं, म्हणजे ड्रीपनं दिलेला जवळजवळ प्रत्येक लिटर शेवटी तुमच्या हवेत येणार आहे, तर तो व्हेंट उघडे असताना येऊ दे ना. सूर्यास्ताच्या तोंडावर पाणी देऊन लगेच पडदे पाडणं म्हणजे बुरशीला आवतण. जमिनीवर साचलेलं पाणी, गळका ड्रिपर, वाफ्याखालचं तण, हे सगळं हवेत पाणीच सोडत असतं, ते आधी बंद करा मग मशीन विकत घ्यायचं बघा.

दुसरं, संध्याकाळी घर बंद करायच्या आधी आतली दमट हवा बाहेर घालवायची. बाहेरही दमटच आहे मग उपयोग काय, असं लोक विचारतात, हा प्रश्न चांगला आहे आणि उत्तर लेखात असायला हवं होतं. समजा बाहेर 15 अंश आहे आणि हवा पूर्ण ओली, 100 टक्के. तिच्यात वाफ आहे 12.8 ग्रॅम. तीच हवा आत घेऊन 20 अंशापर्यंत गरम केली की ती साधारण 73 टक्क्यांवर येते. म्हणजे बाहेरची ओली हवासुद्धा आत येऊन गरम झाली की कोरडी होते. म्हणून थोडी हीटिंग आणि थोडा वरचा व्हेंट उघडा, दोन्ही एकदम. यात डिझेल किंवा गॅस जातो, उघड्या खिडकीतून पैसे उडतायत असं वाटतं, मालक लोक व्हेंट बंद करायला सांगतात, आणि मग दव पडतं. जिथे रात्रीच 26 अंश आणि 95 टक्के असते तिथे हाच उपाय तोकडा पडतो, तीन अंश गरम करून फार तर 80 वर येतं आणि घर आणखी उकडतं. पण 95 आणि 80 मध्ये बोट्रायटिसच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेवढंही मिळालं तरी घ्यावं.

पहाटेची वेळ वेगळी सांगायला हवी. सूर्य वर आला की हवा झपाट्यानं तापते, पानं पाणी सोडायला लागतात, पण जाड फळ किंवा घट्ट फुलोरा अजून रात्रीएवढाच गार असतो, त्यामुळे दिवस उजाडल्यावर, सगळे निवांत असताना, त्याच्यावर दव धरतं. टोमॅटोत हे जुनं माहीत असलेलं दुखणं आहे. उपाय म्हणजे उजाडायच्या आधीपासून तापमान हळूहळू वर न्यायचं, एकदम झटका द्यायचा नाही. सैल फुलोरा लवकर तापतो, घट्ट उशिरा, बघा, परत जातीच्या बांध्याशीच आलो.

फॅन-पॅडबद्दल (ओल्या पॅडमधून पंख्यानं हवा ओढून घर गार करायची पद्धत) लेखात कौतुक होतं. कोरड्या उष्ण हवेत फॅन-पॅडसारखी गोष्ट नाही, 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या पॅडमधून हवा 21-22 च्या दिशेनं खाली येऊ शकते. पण 32 अंश आणि 80 टक्के असेल तर कितीही पाणी सोडा, 29 च्या खाली जाणारच नाही, आणि जी हवा आत येते ती ठिबकायच्या बेतात असते. दमट हवामानात पॅडचं पाणी बंद ठेवून फक्त फॅन चालवणं बऱ्याचदा शहाणपणाचं. फॉगरचं, म्हणजे पाण्याचं धुकं उडवणाऱ्या यंत्राचं, तर नावच नको, फुलोऱ्याच्या काळात दमट घरात फॉगर लावणाऱ्याला मी काय म्हणू.

डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं मशीन) काम करतो, नाही असं नाही. पण तो पाणी काढताना त्या वाफेतली उष्णता घरातच सोडतो, लिटरला साधारण 0.68 युनिट एवढी, वर त्याची स्वतःची वीज वेगळी. थंड रात्री हे वरदान आहे, गरम दमट रात्री तो खोलीतला हीटर ठरतो आणि मग एसी लावायची वेळ येते, आणि बिल बघून पीक कुणासाठी घेतोय ते कळेनासं होतं.

आत हवा फिरवणारे पंखे मात्र पाहिजेतच. वादळ नको, पानं जेमतेम हलतील एवढी हवा पुरते, सेकंदाला पाव ते अर्धा मीटर. पानाला चिकटून हवेचा एक स्थिर थर असतो, तो मोडायचा एवढंच काम. पंखे असे लावायचे की एकानं दुसऱ्याला हवा देत ती हवा घराला गोल फेरी मारेल, एकमेकांसमोर तोंड करून नाही. आणि बुटक्या दाट झाडात ही हवा आत शिरावी म्हणून खालची सावलीतली पानं काढणं, पोटातले बारीक फुटवे काढणं, झाडं लांब लावणं. हे सकाळी कोरड्या वेळी करा म्हणजे जखमा संध्याकाळपर्यंत वाळतात. बुटकी जात घेऊन झाडांची संख्या वाढवायची हा मोह मी समजू शकतो, पण दमट घरात चौरस मीटरमागे एक झाड कमी लावणारा माणूस शेवटी जास्त विकाऊ माल घेऊन बाहेर पडतो असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

इन्सेक्ट नेटचा एक पेच आहे, तो सोडवून देता येत नाही. जाळी बारीक तेवढे फुलकिडे, पांढरी माशी कमी, पण हवाही कमी. 50 मेशची (इंचाला 50 छिद्रांची) जाळी लावली आणि व्हेंट तेवढेच ठेवले तर घर गुदमरतं, जाळी लावायची तर व्हेंटची जागा वाढवायला हवी, आणि जाळी धुवायला हवी, धुळीनं बुजलेली जाळी म्हणजे भिंतच. तसंच छताचं प्लास्टिक. त्याला आतून अँटी-ड्रिप थर असतो, म्हणजे पाणी थेंब होऊन झाडावर टपकत नाही, थर होऊन बाजूनं ओघळतं, पण तो गुण काही हंगामांत निघून जातो, तेव्हा प्लास्टिक फाटलं नाही म्हणून चालवत राहू नये. सकाळी आत गेल्यावर डोक्यावर टपटप होत असेल तर बदलायची वेळ झालेली आहे.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा लेखकाला तीन गोष्टी लिहायला सांगा: त्या घरात रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात तापमान आणि आर्द्रता किती होती, मीटर झाडाच्या पोटात होता की वाटेवर, आणि दोन झाडांत अंतर किती ठेवलं होतं. दुपारी काढलेल्या फोटोत सगळीच घरं कोरडी दिसतात.

आपला,
एक नियमित वाचक